मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तारखा का हलत नाहीत, आणि नको तेव्हा का उडतात

आराखडा तयार आहे, कामं एकमेकांना जोडलेली आहेत, मधल्या एका कामाला चार दिवस उशीर होतो आणि पुढचं काम मात्र जागचं हलत नाही. किंवा उलट घडतं: एका कामावरच्या माणसाचा वेळ थोडा कमी केला आणि प्रकल्पाची शेवटची तारीख दोन आठवडे पुढे गेली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रक आखण्याच्या सॉफ्टवेअरबद्दलच्या तक्रारी बहुतेक या दोन जातींच्या असतात आणि दोन्हींचं मूळ बहुधा एकच असतं. तारीख हे इथे हिशेबाचं उत्तर आहे, आणि आपण ते एक्सेलच्या सवयीने हाताने भरतो. आपण कालावधी, जोडणी, कॅलेंडर आणि माणसं द्यायची. तारीख प्रोजेक्टने काढायची.

खालचे मेनू डेस्कटॉपवरच्या २०१३ आणि पुढच्या आवृत्त्यांना धरून आहेत. प्रोजेक्टलिब्रे हे त्याच धर्तीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर हिशेबाचा गाभा तोच, बटणांच्या जागा वेगळ्या. प्रोजेक्टलिब्रे एमपीपी (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची) फाइल उघडतं, पण सेव्ह करताना स्वतःचं पॉड किंवा एक्सएमएल स्वरूप वापरतं, एवढं लक्षात असू द्या.

## पहिलं काम लिहिण्याआधी

नवी फाइल उघडली की लगेच कामांची यादी टाइप करायला हात शिवशिवतात. त्याआधी दहा मिनिटं या क्रमाने द्या:

१. 'प्रोजेक्ट' टॅबमध्ये 'प्रोजेक्ट इन्फर्मेशन' उघडा. सुरुवातीची तारीख द्या आणि 'शेड्यूल फ्रॉम'समोर 'प्रोजेक्ट स्टार्ट डेट' असल्याची खात्री करा. तिथे 'फिनिश डेट' असेल तर नवं प्रत्येक काम शक्य तितकं उशिरा ढकललं जातं आणि कशालाच सवड (शेवटची तारीख न हलवता उशीर करायची मोकळीक) उरत नाही.

२. 'चेंज वर्किंग टाइम'मध्ये जाऊन 'क्रिएट न्यू कॅलेंडर'ने स्टँडर्ड कॅलेंडरची प्रत काढा आणि तिला नाव द्या. मूळ स्टँडर्डला हात लावू नका. आठवड्याचं नेहमीचं वेळापत्रक 'वर्क वीक्स'मध्ये 'डिटेल्स' दाबून भरायचं, सुट्ट्या 'एक्सेप्शन्स'मध्ये. दर शनिवारी काम असेल तर ते 'वर्क वीक्स'मध्ये जातं. एखाद्याच शनिवारी असेल तर 'एक्सेप्शन्स'मध्ये.

३. पुन्हा 'प्रोजेक्ट इन्फर्मेशन'मध्ये येऊन हे नवं कॅलेंडर निवडा. ही पायरी हमखास राहते. कॅलेंडर बनवलं म्हणजे ते लागू झालं असं होत नाही.

४. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'शेड्यूल' इथे 'अवर्स पर डे', 'अवर्स पर वीक', 'डेज पर मंथ' आणि 'डीफॉल्ट स्टार्ट टाइम', 'डीफॉल्ट एंड टाइम' हे आकडे नव्या कॅलेंडरशी जुळवा.

५. त्याच पानावर 'न्यू टास्क्स क्रिएटेड'समोर 'ऑटो शेड्यूल्ड' निवडा.

चौथी पायरी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण हे आकडे आणि कॅलेंडर एकमेकांना ओळखत नाहीत. प्रोजेक्ट प्रत्येक कालावधी आतमध्ये मिनिटांत साठवतं. तुम्ही '५ दिवस' लिहिलंत की ते 'अवर्स पर डे' बघतं, तिथे ८ असेल तर ४० तास धरतं, आणि ते ४० तास कॅलेंडरवर पसरवतं. कॅलेंडरमध्ये दिवस ९ तासांचा असेल तर चार दिवसांत ३६ तास संपतात आणि पाचव्या दिवशी चार तासांतच काम आटोपतं. पुढचं काम मग भर दुपारी सुरू होतं, त्याच्या पुढचं आणखी विचित्र वेळी. आठवड्याचंही तसंच: सहा दिवसांच्या आठवड्यात 'अवर्स पर वीक' ४०च राहिलं तर '१ आठवडा' म्हणजे पाचच दिवस होतात. तिथे ४८ हवेत.

हे आकडे यादी भरून झाल्यावर बदलले तर वेगळीच पंचाईत. मिनिटं तीच राहतात, त्यामुळे ८ चे ९ केल्यावर '५ दिवस' लिहिलेलं काम ४.४४ दिवसांचं दिसू लागतं. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. ४० ला ९ ने भागलेलं असतं.

०.८८ दिवस दिसत असतील तर 'डीफॉल्ट एंड टाइम' तपासा. कॅलेंडर ९ ते ६ चं, मध्ये तासाची सुट्टी, आणि हा डीफॉल्ट मात्र संध्याकाळी ५ चा असेल, तर हाताने टाइप केलेली शेवटची तारीख ५ वाजताची धरली जाते. शेवटच्या दिवसाचा एक तास कापला जातो: आठापैकी सात, म्हणजे ०.८८. असलं काही शोधायचं असेल तेव्हा 'ऑप्शन्स', 'जनरल', 'डेट फॉरमॅट' इथे वेळेसह तारीख दाखवणारा नमुना निवडा. निम्मी कोडी तिथेच उलगडतात.

## जोडणी आहे, पण काम हलत नाही

कारणं चार-पाचच आहेत. याच क्रमाने बघा.

कामाशेजारी टाचणी आहे का? 'टास्क मोड' स्तंभात टाचणीचं चिन्ह असेल तर ते काम मॅन्युअली शेड्यूल्ड आहे आणि त्याची तारीख प्रोजेक्ट स्वतःहून बदलणार नाही. २०१० च्या आवृत्तीपासून ही सोय आली आणि नव्या कामांना तीच आपोआप लागते. फसवणारी गोष्ट अशी की जोडणी करताना असं काम एकदा हलतं. त्यामुळे जोडणी चालते आहे असं वाटतं. नंतर आधीचं काम लांबलं की ते जागेवर राहतं आणि फार तर तारखेखाली लाल नागमोडी रेघ येते. एखादंच काम असेल तर 'टास्क' टॅबमधलं 'रिस्पेक्ट लिंक्स' पुरतं. सगळी फाइलच तशी असेल तर आधी प्रत सेव्ह करा, तक्त्याचा वरचा डावा कोपरा दाबून सगळं निवडा आणि 'ऑटो शेड्यूल' दाबा. जी कामं कशालाच जोडलेली नव्हती ती त्या क्षणी प्रकल्पाच्या पहिल्या दिवसावर जाऊन बसतील. घाबरू नका, उलट ती यादी लिहून घ्या. जोडण्या नेमक्या तिथेच राहिल्या आहेत.

कन्स्ट्रेंट, म्हणजे तारखेचं बंधन, लागलं आहे का? 'स्टार्ट' स्तंभात तारीख टाइप केली की 'स्टार्ट नो अर्लिअर दॅन' हे बंधन गुपचूप लागतं. 'फिनिश'मध्ये टाइप केली तर 'फिनिश नो अर्लिअर दॅन'. गँट चार्टमधली (कामांच्या पट्ट्यांच्या तारखावार चित्रातली) पट्टी माउसने ओढली तरी पहिलंच बंधन लागतं. याचा परिणाम एकाच बाजूने दिसतो, म्हणून तो उशिरा कळतो: आधीचं काम लांबलं तर पुढचं काम पुढे जातं, पण आधीचं काम लवकर संपलं तरी ते मागे येत नाही. वाचलेले दिवस आराखड्यात कुठेच दिसत नाहीत.

साफसफाई अशी करा. 'कन्स्ट्रेंट टाइप' हा स्तंभ घाला. ज्या बंधनांना खरं कारण आहे (माल अमुक तारखेआधी येणार नाही, परवानगी तमुक तारखेलाच मिळणार) त्यांच्या 'नोट्स'मध्ये ते कारण लिहा. उरलेल्या सगळ्यांना 'अॅज सून अॅज पॉसिबल' करा. एकाखाली एक खाने निवडून कंट्रोल+डी ने खाली भरता येतं. 'मस्ट स्टार्ट ऑन' आणि 'मस्ट फिनिश ऑन' ही दोन बंधनं तर शक्यतो वापरूच नका. 'ऑप्शन्स'मधला 'टास्क्स विल ऑल्वेज ऑनर देअर कन्स्ट्रेंट डेट्स' हा पर्याय मुळात चालूच असतो, त्यामुळे जोडणी आणि तारीख यांच्यात वाद झाला की तारीख जिंकते आणि आधीचं काम संपायच्या आत पुढचं सुरू झालेलं दिसतं.

काम सुरू झाल्याची नोंद आहे का? 'अॅक्च्युअल स्टार्ट' भरलेलं असेल, किंवा नुसते १% पूर्ण लिहिलेलं असेल, तर काम सुरू झालं असं धरलं जातं आणि त्याची सुरुवात मग जोडणीमुळे हलत नाही.

हिशेब बंद आहे का? 'ऑप्शन्स', 'शेड्यूल' इथे 'कॅल्क्युलेट प्रोजेक्ट आफ्टर ईच एडिट' कुणी 'ऑफ' केलं असेल तर एफ९ दाबल्याशिवाय काहीही बदलत नाही.

एवढं करूनही कळलं नाही तर काम निवडून 'टास्क' टॅबमधलं 'इन्स्पेक्ट' दाबा. या कामाची तारीख कशामुळे ठरली हे तिथे सरळ लिहून येतं: आधीचं काम, कॅलेंडर, बंधन की लेव्हलिंगने (जादा भार कमी करायला कामं पुढे सरकवण्याने) लावलेला उशीर. 'फॉरमॅट' टॅबमधलं 'टास्क पाथ', 'ड्रायव्हिंग प्रेडिसेसर्स' त्या कामाला खरोखर ढकलणारी कामं रंगवून दाखवतं. खूप कमी लोक हे वापरतात आणि खूप वेळ वाया घालवतात.

जोडण्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. गटाच्या मुख्य ओळीला, म्हणजे समरी टास्कला, जोडणी देऊ नका आणि तिच्यावर माणूसही नेमू नका. तिथली जोडणी आतल्या सगळ्या कामांना लागू होते आणि एखादं काम का अडलं हे शोधताना ती नजरेला पडतच नाही. दुसरं, वाळणं, मुरणं, थंड होणं अशा गोष्टी सुट्टीतही चालू असतात. काँक्रीट सात दिवस पाण्यात ठेवायचं असेल तर कालावधी '७ डी' न लिहिता '७ ईडी' लिहा, अक्षरं अर्थात रोमन. मग रविवारही मोजला जातो. जोडणीतल्या थांब्यालाही (दोन कामांमध्ये ठेवलेल्या अंतरालाही) हेच चालतं.

## सुट्टी दिली तरी पट्टी सुट्टीवरून जाते, किंवा शनिवार सुरू केला तरी रिकामा राहतो

प्रकल्पाचं कॅलेंडर फक्त त्या कामांना लागतं ज्यांवर कुणी नेमलेलं नाही. माणूस नेमला की त्याचं स्वतःचं कॅलेंडर चालू होतं. म्हणून सहा दिवसांचं कॅलेंडर लावूनही नेमलेली कामं शनिवार टाळत असतील तर 'रिसोर्स शीट' उघडून 'बेस कॅलेंडर' स्तंभ बघा; तिथे अजून 'स्टँडर्ड' असणार. यंत्राने रात्रंदिवस चालणाऱ्या कामासाठी 'टास्क इन्फर्मेशन', 'अॅडव्हान्स्ड' इथे '२४ अवर्स' कॅलेंडर देता येतं, पण शेजारची 'शेड्यूलिंग इग्नोअर्स रिसोर्स कॅलेंडर्स' या चौकटीवर टिक न केल्यास माणूस आणि काम दोघांचे तास जिथे जुळतात तेवढेच मोजले जातात.

गँट चार्टमधली करडी सावली हा आणखी वेगळा मामला. तिची सेटिंग स्वतंत्र आहे. वरच्या टाइमस्केलवर उजवं क्लिक करून 'टाइमस्केल', 'नॉन-वर्किंग टाइम' इथे तुमचं कॅलेंडर निवडा, नाहीतर हिशेब बरोबर असूनही चित्र जुन्या कॅलेंडरचं दिसत राहील.

## माणूस वाढवला, कालावधी भलताच झाला

सूत्र साधं आहे: वर्क (कामाचे एकूण तास) म्हणजे कालावधी गुणिले युनिट्स (माणसाचा किती टक्के वेळ). ५ दिवसांचं काम, एक माणूस १००%, दिवस ८ तासांचा, तर वर्क ४० तास. तिघांपैकी एक तुम्ही बदलता, एक कामाच्या प्रकाराने बांधून ठेवलेला असतो, तिसरा प्रोजेक्ट काढतं.

'फिक्स्ड युनिट्स' या मूळ प्रकारात कालावधी बदलला तर वर्क बदलतं आणि वर्क बदललं तर कालावधी. 'फिक्स्ड वर्क'मध्ये युनिट्स आणि कालावधी एकमेकांवर अवलंबून. 'फिक्स्ड ड्युरेशन'मध्ये कालावधी अढळ, उरलेले दोघे एकमेकांना बदलतात.

गोंधळ होतो तो पहिल्या नेमणुकीत. ५ दिवसांच्या कामावर पहिल्यांदाच कुणाला ५०% नेमलं तर कालावधी ५ दिवसच राहतो आणि वर्क २० तास निघतं. पण आधी १००% नेमून मग ५०% केलं तर वर्क ४० तास राहतं आणि कालावधी १० दिवस होतो. तीच दोन मूल्यं, क्रम वेगळा, उत्तर दुप्पट. बदल केल्यावर खान्याच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. तो दाबला की काय बदलायचं हे विचारलं जातं. बहुतेक जण तो न बघताच पुढे जातात.

'एफर्ट ड्रिव्हन' चालू असेल तर दुसरा माणूस घातल्यावर तेवढंच वर्क दोघांत वाटलं जातं आणि कालावधी निम्मा होतो. भिंत रंगवण्यात हे चालेल. बैठक, तपासणी, मंजुरी यांत नाही. तुम्ही माणसांचे तास मोजत नसाल तर सगळी कामं 'फिक्स्ड ड्युरेशन' ठेवून 'एफर्ट ड्रिव्हन' बंद करणं सगळ्यात कमी त्रासाचं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

## दर आठवड्याची नोंद

इथे आराखडे मरतात. सुरुवातीला सुंदर दिसणारी फाइल महिन्याभरात निरुपयोगी होते, कारण प्रगती म्हणून फक्त टक्के भरले जातात. एखाद्या कामासमोर ५०% लिहिलं की ते ठरल्या दिवशीच सुरू झालं असं प्रोजेक्ट धरतं. १००% लिहिलं की ठरल्या दिवशीच संपलं असं धरतं. प्रत्यक्षात आठ दिवस उशीर झालेला असला तरी पुढच्या कामांना त्याचा पत्ता लागत नाही.

नोंद सुरू करण्याआधी बेसलाइन, म्हणजे मूळ आराखड्याची तुलनेसाठी जपलेली नोंद, घेतलेली हवी: 'प्रोजेक्ट', 'सेट बेसलाइन', 'एंटायर प्रोजेक्ट'. एकूण अकरा बेसलाइन ठेवता येतात, मूळ एक आणि १ ते १० क्रमांकाच्या. पहिलीवर पुन्हा पुन्हा लिहू नका. सगळ्या कामांचा फरक अचानक शून्य दिसला तर कुणीतरी नेमकं तेच केलेलं असतं. मागाहून घातलेल्या कामांसाठी फक्त 'सिलेक्टेड टास्क्स' निवडा आणि बेरीज वरच्या गटांपर्यंत नेणारा 'रोल अप'च्या पर्यायावर टिक करा.

मग दर आठवड्याला:

१. फाइलची तारखेसह प्रत.

२. 'प्रोजेक्ट' टॅबमध्ये 'स्टेटस डेट'. ज्या दिवसापर्यंतची माहिती हातात आहे तो दिवस द्या, आजचाच असेल असं नाही.

३. 'व्ह्यू', 'टेबल्स', 'ट्रॅकिंग'. सुरू झालेल्या कामांची 'अॅक्च्युअल स्टार्ट', संपलेल्यांची 'अॅक्च्युअल फिनिश', आणि चालू कामांचा 'रिमेनिंग ड्युरेशन'. किती झालं हे विचारू नका, अजून किती दिवस लागतील हे विचारा. ८०% झालेलं काम महिनाभर ८०% वरच राहू शकतं.

४. 'अपडेट प्रोजेक्ट'मध्ये 'रीशेड्यूल अनकम्प्लीटेड वर्क टु स्टार्ट आफ्टर' निवडून तीच स्टेटस डेट द्या.

५. 'ट्रॅकिंग गँट' उघडा आणि 'फिनिश व्हेरिअन्स' (बेसलाइनच्या शेवटापासूनचा फरक) बघा.

चौथी पायरी गाळली तर न झालेली कामं मागच्या महिन्यात पडून राहतात. काल करायचं राहिलेलं काम कालच होणार, असा आराखडा म्हणजे शोभेची वस्तू. मात्र या पायरीची एक किंमत आहे: अजिबात सुरू न झालेल्या कामांना ती 'स्टार्ट नो अर्लिअर दॅन' लावते आणि अर्धवट कामांची पट्टी तुटक होते. म्हणून दर चार-पाच आठवड्यांनी 'कन्स्ट्रेंट टाइप'ची वरची साफसफाई पुन्हा करावी.

## क्रिटिकल पाथ लाल दिसतो, पण खरा वाटत नाही

'फॉरमॅट' टॅबमध्ये 'क्रिटिकल टास्क्स'वर टिक केली की शेवटची तारीख ठरवणारी साखळी लाल होते. ती मध्येच तुटत असेल तर 'टोटल स्लॅक' (सवड) आणि 'सक्सेसर्स' स्तंभ घाला. शेवटच्या टप्प्याशिवाय ज्या कामाचा 'सक्सेसर्स' खाना रिकामा आहे ते लोंबकळतं आहे. त्याची सवड प्रकल्पाच्या शेवटापर्यंत मोजली जाते आणि म्हणून ते कधी लाल होत नाही. वेगवेगळी कॅलेंडरं मिसळलेली असली तरी मधल्या कामांना अर्धा-एक दिवसाची खोटी सवड दिसते. अशा फाइलमध्ये 'ऑप्शन्स', 'अॅडव्हान्स्ड' इथे क्रिटिकल ठरवायची मर्यादा ० वरून १ दिवस करा.

उणे सवड दिसली तर कुठेतरी पाळता न येणारी तारीख आहे. बाहेरून आलेली मुदत नोंदवायची असेल तर 'टास्क इन्फर्मेशन', 'अॅडव्हान्स्ड', 'डेडलाइन' हा खाना वापरा. तो कामाला बांधत नाही, फक्त मुदत ओलांडली की लाल उद्गारचिन्ह दाखवतो आणि किती दिवस कमी पडतात ते उणे सवडीत दिसतं.

## लाल माणूस

डावीकडे लाल माणसाचं चिन्ह म्हणजे कुणावर तरी जादा भार. लगेच 'लेव्हल ऑल' दाबू नका. पुष्कळदा दिवसात तासाभराची दोन कामं सकाळी एकाच वेळी पडलेली असतात, एवढंच. 'रिसोर्स', 'लेव्हलिंग ऑप्शन्स'मध्ये 'मिनिट बाय मिनिट'ऐवजी 'डे बाय डे' ठेवा. लेव्हलिंग 'मॅन्युअल'वरच राहू द्या. 'ऑटोमॅटिक' केलं तर प्रत्येक बदलानंतर सगळा आराखडा नव्याने सरकतो. शेवटची तारीख हलवायची नसेल तर 'लेव्हल ओन्ली विदिन अव्हेलेबल स्लॅक'वर टिक करा. हलू नये असं काम असेल तर त्याची 'प्रायोरिटी' १००० करा. ० ते १००० या मोजपट्टीत मूळ आकडा ५०० असतो आणि १००० चं काम लेव्हलिंग सोडून देतं. पसंत पडलं नाही तर 'क्लिअर लेव्हलिंग'.

## एक्सेल, फाइल आणि छपाई

एक्सेलमधून चिकटवताना कामांची नावं आणि कालावधी आणा, तारखा नको. तारखा आणल्या की दोनशे कामांना दोनशे बंधनं लागतात.

ओळी गायब झाल्या तर एफ३. गाळणी निघून सगळी कामं परत दिसतात. तारखेच्या जागी ##### आलं तर स्तंभ रुंद करा. गँट चार्ट कोरा दिसला तर काम निवडून 'स्क्रोल टु टास्क'.

फाइल अचानक जड झाली किंवा उघडताना बंद पडू लागली तर ती एक्सएमएल म्हणून सेव्ह करा, तीच पुन्हा उघडा आणि नव्या नावाने एमपीपी करा. कामं, जोडण्या, बेसलाइन राहतात. तुमची सजावट आणि व्ह्यू जातात. एमपीपी फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येते, दुसऱ्याला ती फक्त वाचायला मिळते, त्यामुळे नोंदी करणारा माणूस एकच ठरवा. फाइलींमध्ये आपसांत जोडण्या असतील तर नावं किंवा फोल्डर बदलू नका, त्या तुटतात.

छपाईत पन्नास पानं निघत असतील तर 'पेज सेटअप'मध्ये रुंदी एका पानावर बसवा, 'प्रिंट'मध्ये तारखांची मर्यादा द्या आणि टाइमस्केल दिवसांवरून आठवड्यांवर आणा. कामांची यादी लांब असेल तर फक्त वरचे दोन स्तर उघडे ठेवून छापा. बैठकीत त्याहून खालचं कुणी बघत नाही.